देव चांगला आहे का? – मुलांच्या एका अवघड प्रश्नाविषयी



काही प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतात, तरी दरवर्षी वर्गात येतातच. "देव चांगला आहे ना, मग पाऊस का पाडत नाही?" हा त्यातलाच एक. चौथीच्या लेकरानं विचारला तर आपण हसून पुढे जातो. आठवीच्या मुलीनं विचारला तर "असं बोलू नये गं" म्हणतो. दहावीपर्यंत मुलं विचारायचंच सोडून देतात. त्यांना उत्तर मिळालेलं असतं म्हणून नव्हे, तर हा प्रश्न मोठ्यांना आवडत नाही हे त्यांना कळलेलं असतं म्हणून.

आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न काही हवेतला नाही. परळीला वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, बीड शहरात पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ आहे, नारायणगड आहे, गहिनीनाथगड आहे. सप्ताह, पारायण, दिंडी यांची आपल्याकडे कधी कमतरता नसते. आणि त्याच जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर ही पश्चिमेकडची गावं पर्जन्यछायेत येतात. २०१२-१३ चा उन्हाळा आणि २०१५-१६ चे टँकर आजच्या पालकांना अजून आठवत असतील. १९७२ चा दुष्काळ आजी-आजोबा सांगतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, लेकरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. इतकी देवळं आणि इतका दुष्काळ एकाच नकाशावर बघितल्यावर एखाद्या पोराच्या डोक्यात दोन्हीची बेरीज होत असेल, तर त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून आज या प्रश्नाविषयी थोडं सविस्तर. उत्तर देण्यासाठी नाही. आपल्या आधी किती थोर माणसांनी हाच प्रश्न विचारला आणि त्याचं काय केलं, हे आपल्याला माहीत असावं यासाठी.

सुरुवातीला एक गुंता सोडवून घेऊ. मुलं एका दमात तीन वेगळे प्रश्न विचारत असतात. देव आहे का, हा पहिला. असेल तर तो चांगला आहे का, हा दुसरा. आणि त्याची पूजा करावी का, हा तिसरा. आपण सगळी ताकद पहिल्यावर लावतो आणि घरोघरी भांडण होतं ते त्यावरूनच. पण मुलाला टोचत असतो तो दुसरा. पहिला आज मी बाजूलाच ठेवतो. ज्याच्या घरात देव्हारा आहे त्यालाही दुसरा प्रश्न पडतोच, उलट त्यालाच जास्त पडतो. देव मानतच नाही त्याला दुष्काळ ही हवामानाची गोष्ट. देवाबद्दल तक्रार करायला देव तर हवा!

प्रश्नाची घडण साधी आहे. देव सर्वशक्तिमान आहे. देव दयाळू आहे. तरी जगात दुःख आहे. तिन्ही वाक्यं एकत्र बसत नाहीत, कुठलं तरी एक ढिलं करावं लागतं. ग्रीसच्या एपिक्युरसच्या नावावर हा युक्तिवाद सांगितला जातो, म्हणजे तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. आपली मुलं काही नवीन उद्धटपणा करत नाहीयेत.

मराठवाड्यात हा प्रश्न सर्वांत मोठ्यानं विचारला गेला असेल तर तो किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मिरवणुकीतून दमून आलेली माणसं गाढ झोपलेली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. हादरे बीडमध्येही जाणवले, आणि त्यानंतर कित्येक दिवस लोक अंगणात झोपत होते. ज्या देवाला काल निरोप दिला, पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं, त्यानं रात्रीत हे कसं होऊ दिलं? हे विचारणारी माणसं नास्तिक नव्हती. त्यांच्या अंगावरचा गुलाल अजून निघाला नव्हता.

असाच एक दिवस युरोपाच्या इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपानं कोसळली. तो ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली. त्याआधी लायब्निट्स नावाच्या तत्त्वज्ञानं मांडलं होतं की देवानं शक्य असलेल्या सगळ्या जगांपैकी सर्वांत उत्तम तेच निर्माण केलं आहे. लिस्बननंतर व्हॉल्टेअरनं त्या मताची कवितेतून आणि पुढे १७५९ मध्ये 'कांदीद' या कादंबरीतून अशी खिल्ली उडवली की "जे होतं ते चांगल्यासाठीच" म्हणणाऱ्यांना ती अजून झोंबते. आपल्याकडेही हे वाक्य फार सहज म्हटलं जातं. सांत्वनाला गेल्यावर तर पहिलं तेच निघतं.

आणि तिसरा भूकंप. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी म्हटलं की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. गांधीजींचा हेतू काय होता ते उघड आहे, त्या काळात ते अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. तरीसुद्धा रवींद्रनाथ टागोरांना ते पटलं नाही. त्यांनी जाहीर उत्तर लिहिलं. नैसर्गिक घटनांची कारणं निसर्गातच शोधायची असतात, आणि ज्यात निरपराध माणसं, लेकरं चिरडली जातात तिला ईश्वरी न्याय म्हटलं तर ईश्वराची नीती आपल्यापेक्षाही खालच्या पातळीवर येते, असा त्यांचा मुद्दा होता. टागोर देव मानणारे होते हे इथं महत्त्वाचं. देवाचा चांगुलपणा वाचवायचा असेल तर प्रत्येक संकटावर त्याची सही दाखवू नका, असं ते सांगत होते. नववी-दहावीला हा प्रसंग जरूर सांगावा. दोन मोठी माणसं, एकमेकांबद्दल नितांत आदर, आणि तरी स्पष्ट मतभेद. गांधीजींनी टागोरांचं उत्तर आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापलं होतं!

किल्लारीबद्दल विज्ञानाच्या तासाला एक गोष्ट नक्की शिकवता येते. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. जपानसारख्या देशात तेवढ्या भूकंपात इतकी माणसं जात नाहीत. इथं जीव घेतला तो जाड्या दगड-मातीच्या भिंतींनी आणि वरच्या मातीच्या जड माळवदांनी. हलक्या छपराची घरं तुलनेनं टिकली. म्हणजे "देवानं का मारलं" या प्रश्नाचा एक मोठा तुकडा "घर कसं बांधलं" या प्रश्नात जातो. सगळा जात नाही. ज्या बाईचं लेकरू गेलं तिला माळवदाचं गणित सांगून भागत नाही. पण वर्गातल्या मुलाला हे कळायला हवं की आपण देवाच्या नावावर ढकलतो त्यातलं बरंच काही बदलता येतं.

आता आपल्या परंपरेतलं सर्वांत प्रचलित उत्तर घेऊ, "ज्याचं त्याचं कर्म". हे उत्तर काही अडाणी नाही. ब्रह्मसूत्रात हाच आक्षेप सरळ घेतला आहे: ईश्वरानं कोणाला सुखी, कोणाला दुःखी केलं, मग तो पक्षपाती आणि निर्दय नाही का? त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सगळ्या बियांवर सारखाच पडतो. साळीचं साळ उगवतं, जवाचं जव. फरक बियांचा, पावसाचा नाही. तसं ईश्वर सगळ्यांना सारखा, फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा.

दृष्टांत सुंदर आहे. फक्त आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला सांगून बघा. "पाऊस सारखाच पडतो?" असं तो विचारील.

गंमत सोडली तरी कर्माच्या उत्तरात खरी अडचण आहे ती दुसरीच. ते स्वतःपुरतं वापरलं तर माणसाला धीर देतं, "माझं मी भोगतोय, पुढे नीट वागतो". दुसऱ्यावर वापरलं की ते शस्त्र होतं. चोखोबांचं काय झालं बघा. मंगळवेढ्याचे चोखामेळा, जन्मानं महार, विठ्ठलाचे निस्सीम भक्त, आणि देवळाच्या आत पाऊल टाकायला बंदी. त्यांच्या आणि सोयराबाईंच्या अभंगांत हा सल पुन्हा पुन्हा येतो. विटाळ कोणाचा, देह तर सगळ्यांचा सारखाच, असं ते विचारतात. त्यांना दिलं गेलेलं उत्तर मागच्या जन्मीच्या कर्माचंच होतं. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. पंढरपुरात नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी आहे. दाराच्या बाहेरच. पंढरपूरच्या मंदिराचं दार दलितांना उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं, म्हणजे मध्ये सहाशे वर्षं गेली. देव चांगला आहे का, हा प्रश्न त्या पायरीवर उभं राहून विचारला की वेगळा ऐकू येतो. दार देवानं बंद केलं नव्हतं, हे खरं. पण देवाच्या नावानं केलं होतं.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१ ते १६१५) आपल्याला माहीत असतात ते त्यांच्या पासोडीमुळे, म्हणजे कापडाच्या लांबच लांब पटावर लिहिलेल्या ग्रंथामुळे, आणि सव्वा लाख ओव्यांच्या 'गीतार्णवा'मुळे. त्यांच्या लहानपणाची आख्यायिका मी वर्गात सांगतो. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. पाऊस पडला नाही, पीक आलं नाही, सारा वसूल झाला नाही. बिदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवून घेतलं आणि मुदत घातली की महिन्यात पैसे भरा, नाहीतर मुलगा आमचा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक साधा चाकर येऊन सगळी रक्कम भरून गेला आणि मुलगा सुटला. तो चाकर म्हणजे साक्षात दत्त, असं परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्टही याच वळणाची. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली, आणि बादशहाची रक्कम भरायला विठोबा विठू महार होऊन गेला.

ही गोष्ट सांगितल्यावर एका वर्षी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, पण मंग देवानं आधीच पाऊस पाडला असता तर?"

वर्ग हसला. मी मात्र गप्प झालो, कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. सारा भरण्याची ताकद असलेल्या देवाला पाऊस पाडणं जड होतं का? आणि दासोपंत सुटले, पण त्या वर्षी ज्यांचं पीक गेलं त्या बाकीच्या कुणब्यांचं काय? त्यांच्याकडे कोणी पाडेवार आला का? आख्यायिका त्याबद्दल गप्प आहे. चमत्काराच्या कुठल्याही गोष्टीला ही अडचण असते. एक वाचला की बाकीचे का नाही, हा प्रश्न तयार होतो. अपघातातून वाचलेला माणूस "देवानं मला वाचवलं" म्हणतो तेव्हा शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या बायकोनं ते कसं ऐकायचं?

पण या दोन गोष्टींमध्ये आणखी काही आहे, ते मुलांना दाखवण्यासारखं आहे. गोष्ट रचणाऱ्यांनी देवाला आकाशातून उतरवलं नाही. त्याला गावातल्या सगळ्यांत खालच्या समजल्या गेलेल्या माणसाचं रूप दिलं, पाडेवाराचं, महाराचं. आणि दामाजीपंतांच्या गोष्टीत देव येण्याआधी माणसानं कोठार उघडलेलं आहे. ज्यांनी ही गोष्ट शेकडो वर्षं कीर्तनातून ऐकली त्यांना देवाचा चांगुलपणा कशात दिसत होता, हे त्यावरून कळतं. पाऊस न पाडण्याचा हिशेब त्यांनी मागितला नाही. धान्य कोणी वाटलं, ते लक्षात ठेवलं.

सगळ्यांनी हिशेब मागितला नाही असं मात्र नाही. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाशी उघड भांडते, त्याला रागानं बोलते, आणि तोच विठ्ठल तिला दळू लागतो. नामदेव रुसतात. तुकाराम महाराजांचं तर काय सांगावं! १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. हे त्यांनी स्वतः अभंगातून सांगितलं आहे. आणि पुढे एका ठिकाणी ते म्हणतात की हे सगळं झालं ते बरंच झालं, त्यामुळेच देवाकडे वळलो.

इथं मी नेहमी थांबतो. तुकारामांचा तो अभंग फार मोठा आहे, कारण तो ज्याचं दुःख आहे त्यानं म्हटलेला आहे. तेच वाक्य शेजाऱ्यानं येऊन तुकारामांना ऐकवलं असतं तर? "बायको गेली ते बरं झालं तुकोबा, आता देवाचं नाव घ्याल." काय वाटलं असतं त्यांना? स्वतःच्या दुःखात अर्थ शोधण्याचा हक्क ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याच्या दुःखात आपण जाऊन अर्थ भरायचा नसतो. पालकहो, घरात कोणी गेलं की आपण लेकरांशी नेमकं हेच करतो.

आमच्या शाळेत एका मुलाचे वडील गेले. आजीनं समजूत घातली की चांगली माणसं देवाला लवकर हवीशी होतात. आजीचा जीव किती तुटत असेल, तिनं दुसरं काय म्हणावं! पण काही दिवसांनी पोरगं मला म्हणालं, "सर, मंग मी वंगाळ वागलो तर मला न्यायचा नाही ना देव?" आणि त्याआधी आठवडाभर ते खरोखरच सगळ्यांशी भांडत होतं. आम्ही त्याला शिक्षा करत होतो. त्याचं तर्कशास्त्र पूर्ण बरोबर होतं. जे विधान आपण दिलं त्यावरून त्यानं निष्कर्ष काढला होता.

त्याला मी देवाचं काही सांगितलं नाही. वडिलांना काय आजार होता ते आईच्या परवानगीनं साध्या शब्दांत सांगितलं, आणि तुझ्या वागण्यानं ते गेले नाहीत, तू चांगलं-वाईट वागल्यानं आईला किंवा तुला काही होणार नाही, एवढं दोन-तीनदा सांगितलं. लहान मुलाचा प्रश्न पुष्कळदा देवाबद्दल नसतोच. "माझ्यामुळं झालं का?" आणि "आता कोण जाणार?" हे दोन प्रश्न त्याच्या पोटात असतात. त्यांचं उत्तर देता येतं, आणि आस्तिक-नास्तिक कोणालाही ते सारखंच देता येतं.

आमच्या वर्गात मुसलमान मुलंही असतात, तेव्हा आणखी एक कथा उपयोगी पडते. बायबलमध्ये ईयोब नावाच्या भल्या माणसाची गोष्ट आहे, आणि कुराणात तोच हजरत अय्यूब म्हणून येतो. सगळं गेलं, मुलं गेली, अंगाला रोग लागला. बायबलमधल्या गोष्टीत त्याचे मित्र त्याला समजावतात की तू काहीतरी पाप केलं असशील. तो म्हणतो, केलेलं नाही, आणि थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही! जाब विचारणारा खरं बोलला आणि देवाची बाजू घेणारे खोटं बोलले, असं त्या ग्रंथात देवच ठरवतो. अय्यूबची कथा मुसलमान घरांत सब्राची, धीर धरण्याची म्हणून सांगितली जाते. एकाच माणसाच्या दोन बाजू. दोन्ही मुलांना ऐकवाव्यात.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे. पूजा कशाची करावी?

ताकद आहे म्हणून पूजा, हे उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे. एका रोगाला तर मराठीत 'देवी' हेच नाव होतं. देवी आल्या म्हणायचं, देवीचे व्रण म्हणायचं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडायचा. या पूजेत प्रेम किती आणि भीती किती, ते जुन्या माणसांना विचारावं. पुढे लस आली. टोचणाऱ्यालाही लोक 'देवी डॉक्टर' म्हणू लागले. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. रोग गेला, पण त्या नावाची देवळं राहिली, आणि आता तिथं जाणाऱ्या बायका भीतीनं जात नाहीत. ओटी भरतात, लेकराचं बरं मागतात. भीती गेल्यावरही जे उरलं ते काय, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

ताकद आणि चांगुलपणा एक नाहीत हे मुलांना पटवायला मी सॉक्रेटिसाचा प्रश्न आपल्या भाषेत विचारतो. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात तो विचारतो की पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र? वर्गात विचारायचं, "चोरी करू नका असं सर म्हणतात. सर म्हणाले म्हणून चोरी वाईट, की चोरी वाईट आहे म्हणून सर म्हणाले?" मुलं लगेच दुसऱ्या बाजूनं येतात. मग म्हणायचं, "उद्या सर म्हणाले की चोरी करा, तर?" "तर सरच चुकले!" बास. आता 'सर'च्या जागी 'देव' घाला आणि गप्प बसा. चांगलं काय ते ओळखण्याची काहीतरी सोय आपल्याजवळ आधीच असते, आणि देव चांगला आहे असं आपण म्हणतो तेव्हा ती वापरूनच म्हणतो, हे सातवीच्या मुलाला कळतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं.

या सोयीनं देवाची परीक्षा घेणारी माणसं महाराष्ट्रात बरीच झाली. महात्मा फुल्यांनी देव नाकारला नाही. त्यांनी 'निर्मिक' मानला. सगळ्या माणसांना सारखं निर्माण करणारा, नैवेद्य-दक्षिणा न लागणारा, मध्ये दलाल न ठेवणारा. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते सविस्तर आहे. जो माणसामाणसांत भेद करायला सांगतो तो निर्मिक असूच शकत नाही, ही त्यांची कसोटी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. पाच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्म सोडण्याचा निर्धार सांगितला, आणि १९५६ मध्ये ते बुद्धाकडे गेले, जिथं सृष्टी चालवणाऱ्या ईश्वराची गरजच नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येतं, इतकंच. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आज हेच उत्तर आहे, आणि वर्गात ते इतरांइतकंच आदरानं मांडलं पाहिजे.

डॉ. श्रीराम लागू तर परमेश्वराला आता निवृत्त करा असंच म्हणायचे. इतका अन्याय चालू असताना ही कल्पना कामाची राहिली नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच शेजारी बसून डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणायचे की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. दोघं मिळून महाराष्ट्रभर या विषयावर वाद-संवादाचे कार्यक्रम करत. व्यासपीठावर मतभेद उघड मांडत. आता तसं काही आपल्या तालुक्याच्या गावी ठेवायचं म्हटलं तर हॉल कोण देईल, असा विचार मनात येतो.

माझं स्वतःचं मत कोणी विचारलं तर सांगतो. भीतीनं केलेली पूजा मला पूजा वाटत नाही, तो हप्ता झाला. मागण्यासाठी केलेली पूजा व्यवहार झाला. वाईट नाही, पण व्यवहार. जनाबाईची भक्ती मला या दोन्हींपेक्षा वेगळी वाटते, कारण तिथं भांडायची मुभा आहे. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्यावर माया कशी करणार? हे मत वर्गात मात्र मी सांगत नाही. राज्यघटनेच्या कलम २५ नं सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य प्रत्येकाला दिलं आहे, लेकरालाही. कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे कर्तव्य सांगितलं आहे. याचा अर्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानं पोराला भक्त करायचं नाही आणि नास्तिकही करायचं नाही. चोखोबांनी काय विचारलं, टागोर काय म्हणाले, बाबासाहेबांनी काय केलं, हे सांगायचं. ते इतिहास आणि मराठीच्या तासाचंच काम आहे.

पालकांपैकी कोणी येतात. "सर, पोरगं घरी येऊन आरतीच्या वेळी प्रश्न विचारतंय, तुम्ही काय शिकवलं?" अशा वेळी वाद घालू नये. मी त्यांना विचारतो, "तुम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही का?" बहुतेक जण थोडा वेळ गप्प राहतात, आणि मग स्वतःचंच काहीतरी सांगायला लागतात. कोणाची विहीर आटली होती, कोणाचं लेकरू गेलं होतं. एक आजोबा म्हणाले की १९७२ साली मी वर्षभर माळ काढून खुंटीला टांगली होती, घरात कोणाला सांगितलं नाही. नातवाला सांगा म्हटलं. सांगितलं की नाही ते माहीत नाही.

करून बघायचं असेल तर एक छोटा उपक्रम आहे. सहावीच्या पुढच्या मुलांना 'देवाला एक प्रश्न' असं एक पान लिहायला द्यावं. ज्याच्या घरी देव मानत नाहीत त्यानं निसर्गाला, पावसाला, नाहीतर सरकारला प्रश्न विचारावा. नाव लिहायचं नाही, वर्गात वाचायचं नाही, ज्याला दाखवायचं असेल त्यानंच दाखवायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा निम्म्याहून जास्त कागद पावसाबद्दल होते, आणि ज्यांचे आई-बाप तोडीला गेले होते त्यातल्या दोघा-तिघांनी गाडी-बैलाला जपायला सांगितलं होतं, म्हणजे प्रश्न नव्हताच तो. या कागदांना गुण देऊ नयेत. शुद्धलेखनाच्या चुकाही तांबड्या शाईनं काढू नयेत. मी ते कपाटात वेगळ्या पाकिटात ठेवतो आणि परीक्षेनंतर ज्याचे त्याला परत देतो.